दुकानाच्या पायरीवरची हाक

समोरून चाललेल्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने स्वतःहून हाक मारावी, की ते पायरी चढेपर्यंत गप्प बसावे, हा बाजारपेठेतला फार जुना प्रश्न आहे. संकेतस्थळ उघडताच कोपऱ्यातून डोके वर काढणारी ‘नमस्कार, काही मदत करू का?’ ही चौकट म्हणजे तोच प्रश्न नव्या कपड्यांत. कोल्हापुरात त्याची दोन उत्तरे दोन बाजारांनी दिली. एक अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या जुन्या पेठेने, दुसरे राजारामपुरीने.

जुने कोल्हापूर देवळाच्या भोवती वाढले. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप, गुजरी या भागात दर्शन आणि खरेदी एकाच फेरीत उरकते. इथले बरेचसे गिऱ्हाईक परगावचे. ते सकाळी येते, संध्याकाळी निघून जाते आणि पुन्हा उगवले तर पुढच्या नवरात्रात. आज या पायरीशी थांबले नाही तर ते शेजारच्या दुकानात शिरणार, हे उघड असते. म्हणून या पेठेत हाक हा धंद्याचा भागच झाला. ‘चपला इथं ठेवा’ असे म्हणणारा दुकानदार चपला राखण्याचे पैसे अनेकदा घेत नाही. ओटीचे ताट आपल्याकडून घ्यावे, परतताना पेढे आपल्याकडून न्यावेत, एवढीच त्याची अपेक्षा. फुकट सेवा आधी आणि विक्री नंतर, ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

या हाकेचे एक शास्त्र होते, आणि अजून आहे. परक्याला आधी नाते लावायचे. ताई, मावशी, काका, दादा यांतले नेमके कोणते, हे वय, पेहराव आणि सोबतचे माणूस पाहून क्षणात ठरवायचे. जोडपे दिसले की ‘वहिनी’. सीमेपलीकडून आलेले कानडी कुटुंब असेल तर ‘अक्का’, ‘अण्णा’. चाळिशीच्या बाईला ‘मावशी’ म्हणून बसलेला पोरगा पुढे तोंडाने कितीही गोड असो, त्याचे ते गिऱ्हाईक गेलेच. दुसरा नियम असा की पहिल्या वाक्यात विक्रीची भाषा करायची नाही. ‘घ्या न घ्या, बघून तर जावा’ या कोल्हापुरी वाक्यात गिऱ्हाइकाला नकाराची मोकळीक आधीच देऊन टाकलेली असते, आणि म्हणूनच पाऊल आत पडते.

हाकेमागे आणखी एक साधे कारण होते. जुन्या दुकानात माल गिऱ्हाइकाच्या हाताला लागत नसे. कापडाच्या पेढीत पांढरी गादी, टेकायला लोड, मागे छतापर्यंत कप्पे. वाण्याकडे पोती, डबे आणि मध्ये तराजू. काय आहे आणि केवढ्याला आहे हे विचारल्याशिवाय कळायचे नाही, कारण भाव पाटीवर नसे, तो बोलण्यातून ठरे. सकाळची भवानी व्हायची असेल तर एक भाव, दिवाळीच्या गर्दीत दुसरा. अशा दुकानात ‘काय दाखवू?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नव्हता. तो विचारल्याशिवाय व्यवहार सुरूच होत नसे. पुढे जेव्हा माल उघड्यावर आला आणि किंमत छापली गेली, तेव्हा या प्रश्नाची गरज संपली. सवय मात्र राहिली. हाकेबद्दलची आजची बरीचशी कटकट या उरलेल्या सवयीतून आलेली आहे.

राजारामपुरी हे नव्या जमान्याचे उपनगर. 1891 मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि शहराची वाढ पूर्वेकडे सरकली. छत्रपती शाहू महाराजांनी 1895 मध्ये व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्यांच्यामागून 1922 ते 1940 या काळात गादीवर असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला ही नवी पुरी उभी राहिली. परीख पुलाखालून रूळ ओलांडले की माणूस शाहूपुरीतून राजारामपुरीच्या अंगाला येतो. तिची आखणी कागदावर आधी झाली आणि घरे नंतर आली, हे गल्ल्यांच्या नावांवरून आजही कळते. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, अकरावी गल्ली. जुन्या गावात गुजरी म्हटले की सोने आणि चप्पल लाईन म्हटले की पायताण, पत्त्यातच धंदा सांगितलेला असतो. ‘सातवी गल्ली’ या शब्दांतून मात्र तिथे काय मिळते ते कळत नाही. इथल्या दुकानदाराला पेठेचे नाव आयते मिळाले नाही. स्वतःचे नाव कमवावे लागले.

वस्तीही वेगळी होती. नोकरदार, वकील, डॉक्टर, शिक्षक अशा कुटुंबांची घरे, पुढे त्यांच्याच तळमजल्यांवर दुकाने आणि दवाखाने. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठाकडे जाणारी वर्दळ या भागातून वाढली. मुख्य फरक गिऱ्हाइकाच्या जातकुळीत होता. महाद्वारात ते वर्षातून एकदा यायचे, इथे दिवसातून दोनदा समोरून जायचे: सकाळी मुलांना शाळेत सोडताना आणि संध्याकाळी भाजी घेऊन परतताना. रोज जाणाऱ्या माणसाला रोज ‘या की, बसा की, नवीन माल आलाय’ म्हटले तर तो आठवडाभरात पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागतो.

म्हणून राजारामपुरीत हाक गेली नाही, पण तिचा अर्थ बदलला. ती विक्रीची न राहता ओळखीची झाली. ‘काय वहिनी, लई दिवसांनी?’ एवढेच, मालाचा उल्लेख नाही. पोराची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, गणपतीचे आगमन किती वाजता निघणार, असले विषय. (गणेश चतुर्थीची राजारामपुरीतली आगमन मिरवणूक हा शहराचा सोहळाच आहे, त्यामुळे हा विषय भाद्रपदाच्या महिनाभर आधीपासून पुरतो.) मालाचे बोलणे सुरू व्हायचे ते गिऱ्हाइकाची नजर एखाद्या वस्तूवर दुसऱ्यांदा गेल्यावर. पहिल्या नजरेला दुकानदार काही बोलत नाही. दुसऱ्या नजरेला तो घडी उलगडतो. हा एका नजरेचा उशीर म्हणजे राजारामपुरीचे उत्तर.

बाहेरच्या जगात हाक आवरती घेण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरावीक किंमत आणि काही न घेता आत फिरण्याची मुभा हा पायंडा रुजवला. लंडनला 1909 मध्ये हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी मोठे दुकान उघडले. त्याआधी लंडनच्या एका दुकानात ‘काय हवे आहे?’ या प्रश्नाला ‘नुसते बघतोय’ असे उत्तर दिल्यावर त्यांना बाहेरची वाट दाखवण्यात आली होती, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो. आपल्या दुकानात त्यांनी ‘नुसते बघणे’ हाच गिऱ्हाइकाचा हक्क मानला. अमेरिकेत मेम्फिस येथे 1916 मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांच्या पिगली विगली या किराणा दुकानाने त्यापुढची मजल मारली: टोपली घ्या, हवे ते स्वतः उचला, दारात पैसे द्या.

महाराष्ट्रात ही पद्धत मुख्यतः सहकाराच्या हाताने आली. 1962 च्या चीन युद्धाच्या सुमारास केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना हाती घेतली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर मोठी भांडारे उभी राहिली; दिल्लीचे सुपर बाझार 1966 चे. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरातील वारणा बाजाराने ग्रामीण भागात हा नमुना चालवून दाखवला. राजारामपुरीत तर ‘जनता बाजार’ हे चौकाचेच नाव होऊन बसले. या भांडारांत कोणी हाक मारत नसे. सरकारी वळणाच्या काही भांडारांत हाक मारूनही कोणी येत नसे, हा भाग वेगळा. पण बाईमाणसाला पाच डबे उघडून, वास घेऊन, किंमत वाचून, काही न घेता परत ठेवता येऊ लागले आणि कोणी तोंडाकडे पाहिले नाही, हा बदल लहान नव्हता. भिडेपोटी होणारी खरेदी तिथे थांबली.

उलट बाजूही लगेच दिसली. कुठली डाळ लवकर शिजते, हा रंग धुण्यात टिकेल का, हे विचारायला माणूस उरला नाही. नव्वदच्या दशकानंतर तयार कपड्यांची वातानुकूलित दुकाने आली तेव्हा काचेचे दार बंद झाले आणि पायरीवरची हाक रस्त्यापर्यंत पोचायची थांबली. तिची जागा दोन टोकांनी घेतली. कुठे विक्रेता गिऱ्हाइकाच्या मागे दोन पावलांवर सावलीसारखा फिरू लागला. कुठे चार विक्रेते एका कोपऱ्यात गप्पा मारत उभे राहिले. दोन्हीकडे तो एका नजरेचा उशीर हरवला होता.

फोन घरोघरी पोचल्यावर हाक थेट स्वयंपाकघरात शिरली. कर्ज घ्या, विमा घ्या, कार्ड घ्या म्हणणाऱ्या फोनांनी लोक इतके वैतागले की 2007 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला नको असलेले फोन टाळण्यासाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू करावी लागली. पायरीवरची हाक कानाआड करून पुढे जाता येते. हातातले पीठ टाकून उचललेल्या फोनाचे तसे नसते. फरक आवाजात नव्हता, तर कोणाच्या जागेत शिरून हाक मारली यात होता.

भारतात 15 ऑगस्ट 1995 ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. त्याच वर्षी अमेरिकेत लाइव्हपर्सन ही कंपनी स्थापन झाली; संकेतस्थळावर आलेल्या माणसाशी तिथल्या तिथे लिहून बोलण्याची सोय पुरवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत तिचे नाव येते. कल्पना रास्त होती. ऑनलाइन दुकान हे टोकाचे स्वयंसेवा भांडार: माल उघडा, किंमत छापलेली आणि माणूस एकही नाही. कापडाचा पोत तर हातालाही लागत नाही. तेव्हा विचारायला कोणीतरी हवेच. घोटाळा झाला तो वेळेत. पान उघडून तीन सेकंद होतात न होतात तोच चौकट उसळते. तोवर आलेल्या माणसाने दुकानाचे नावही धड वाचलेले नसते. ही महाद्वारातली हाक आहे, पण तिच्यातले कसब वजा करून. ताई की मावशी हे पाहणारा डोळा नाही, आणि पुष्कळदा ‘घ्या न घ्या’ म्हणण्याइतका मोकळेपणाही नाही.

राजारामपुरीतल्या दुकानांनी संकेतस्थळांपेक्षा व्हॉट्सॲप जवळचे मानले. 2009 मध्ये निघालेल्या या ॲपची व्यापाऱ्यांसाठीची वेगळी आवृत्ती 2018 च्या जानेवारीत आली. तिच्यात मालाची यादी लावता येते, ठरलेली उत्तरे साठवता येतात, दुकान बंद असतानाचा निरोप ठेवता येतो. 2020 च्या टाळेबंदीत शटर खाली असताना अनेक लहान दुकानदारांचा गिऱ्हाइकाशी संबंध याच धाग्याने टिकला. आता संध्याकाळी साडेसातला साडीच्या दुकानात डोकावले तर चित्र असे दिसते: गादीवर दोन बायका, समोर दहा साड्या उलगडलेल्या, आणि कडेला एक मुलगी पदर ट्यूबलाइटखाली धरून फोटो काढते आहे. फोनच्या पलीकडून पुण्याची कोणी विचारते, ‘हिरव्यात काठ जरा बारीक आहे का?’ मुलगी लिहिते, ‘आहे ताई, थांबा, दाखवते.’ मागच्या कप्प्यातून घडी निघते. गादीवरच्या बाया फोनातल्या बाईच्या आवडीवर आपले मत देतात.

इथे चौकट उसळलेली नाही. पुण्याच्या बाईने आधी विचारले, आणि उत्तराला माणूस हजर होता. या दोन गोष्टी जिथे आहेत तिथे गप्पांची सोय धंद्याला उपयोगी पडते. एखादा माणूस एकाच वस्तूच्या पानावर पुन्हा परतला, किंवा पैसे भरण्याच्या पानावर अडखळून बराच वेळ थांबला, तर त्याला विचारणे योग्यच. तीच ती दुसरी नजर. शहाणा दुकानदार तेवढ्यापुरती हाक राखून ठेवतो. सर्वांत वाईट मात्र ती चौकट, जी स्वतःहून ‘मदत करू का?’ विचारते आणि उत्तर दिल्यावर ‘आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील’ म्हणून गप्प होते. महाद्वारातल्या कुठल्याही पोराने हाक मारून गिऱ्हाईक पायरीवर चढवल्यावर दुकान सोडून पळ काढला नसता.

कायद्याने हाक मारायला कुठे भाग पाडलेले नाही. उत्तराला मात्र बांधले आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. व्हॉट्सॲपच्या मोठ्या उद्योगांसाठीच्या सेवेत तर राजारामपुरीची रीतच नियम म्हणून लिहिलेली आहे: गिऱ्हाइकाचा निरोप आल्यापासून 24 तास व्यापाऱ्याला मोकळेपणी बोलता येते, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला मजकूर पाठवता येतो, आणि तोही गिऱ्हाइकाने संमती दिली असेल तरच.