पॉत्सुओलीची राख, नांदगावची राख

इटलीत नेपल्सजवळ पॉत्सुओली नावाचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन गवंडी तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून पाण्याखालीही घट्ट होणारा माल बनवत. त्या गावावरूनच अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ म्हणतात. आपल्याकडच्या गवंड्यांनी हेच काम भाजलेल्या विटांच्या भुकटीकडून करून घेतलं. ती म्हणजे सुरखी. चुना आणि सुरखी घाणीत मळून इथे पूल, धरणं उभी राहिली.

सिमेंट आलं आणि सुरखी मागे पडली. तिच्यामागचं रसायन मात्र टिकून आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की थोडा चुना मोकळा सुटतो. तो भार पेलत नाही, उलट पाण्याबरोबर झिरपून जातो. दगडी कोळशाच्या बारीक राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि दोघांची मिळून नवी पकड तयार होते. असं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, पण तापतं कमी आणि पाणीही कमी झिरपू देतं. घाटघर हे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं धरण. त्यात सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे. दुकानातल्या पीपीसी सिमेंटच्या गोणीतही १५ ते ३५ टक्के राख चालते.

आता पारशिवनीकडे या. या तालुक्यातल्या पेंच धरणाचं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. याच तालुक्यातल्या नांदगावच्या वाट्याला मात्र राखेचा तलाव आला. लोकांनी तक्रारी केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे गावात आले आणि तिथे राख टाकणं थांबवायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी जुलैत कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला.

राख एकच, पण तिचे रस्ते दोन. धूर चिमणीत जाण्याआधी यंत्राने ती कोरडीच पकडली, तर सिमेंट कारखाना घेऊन जातो. पाण्यात कालवून पाइपातून तलावात सोडली, तर जाड-बारीक एक होते, सिमेंटसाठीचा तिचा गुण घटतो आणि वाळल्यावर ती शेतांवर उडते. राख वापरायलाच हवी, असं केंद्र सरकार १९९९ पासून अधिसूचना काढून सांगतंय.

रोमन लोक राख जमिनीतून खणून काढायचे. आपल्याकडे ती रोज आयती तयार होते, आणि तिला टाकायला आपण गावाची जमीन शोधतो.