‘सिव्हिल’: एका विशेषणाचा प्रवास

कचेरीत इंग्रजी मसुदा मराठीत उतरविताना माझी लेखणी एका साध्या विशेषणापाशी नेहमी अडते. ते विशेषण म्हणजे ‘सिव्हिल’. नोकरीला जोडले की ते मुलकी होते, न्यायालयाला जोडले की दिवाणी, हक्कांना जोडले की नागरी. आणि ‘सिव्हिल वॉर’ला तर आपण यादवी म्हणतो!

मूळ लॅटिन शब्द ‘सिव्हिस’, म्हणजे नागरिक. त्यावरून ‘सिव्हिलिस’ झाला: नागरिकांसंबंधीचे, तसेच नागरिकाला शोभणारे. या दुसऱ्या अर्थातून सौजन्य आले. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत गेला आणि तेथेही पुढे दोन्ही अर्थ नांदू लागले.

ईस्ट इंडिया कंपनीने लष्कराबाहेरील आपल्या नोकरांना ‘सिव्हिल’ हे विशेषण लाविले. आरंभी हे लोक व्यापार पाहत. १७६५ साली बंगालची दिवाणी मिळाल्यानंतर वसूल आणि न्यायही हळूहळू त्यांच्या हाती आला. नागरिकाचा शब्द असा राज्यकर्त्याच्या घरी गेला. दिल्ली, नागपूर येथील ‘सिव्हिल लाइन्स’ त्याची साक्ष देतात.

सौजन्याचा अर्थ आपल्याकडे उजळला, तो मात्र तुरुंगाच्या वाटेने. अमेरिकेत थोरो याने मुलकी शासनाच्या प्रतिकारावर लिहिलेला निबंध १८४९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, तो ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ या नावाने छापला गेला. तेथे ‘सिव्हिल’चा संबंध शासनाशी होता. गांधीजींनी भर दिला तो विनयावर: कायदा मोडावा, परंतु द्वेष न करता, आणि शिक्षा स्वखुशीने सोसून. म्हणूनच १९३० च्या लढ्याला मराठीने ‘मुलकी’ वा ‘दिवाणी’ म्हटले नाही. ‘सविनय कायदेभंग’ म्हटले. कोशकार या भाषांतराला कदाचित नावे ठेवील. इतिहास ठेवणार नाही.

पुढे राज्य आपले झाले. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाने ‘सिव्हिल’ सेवकाला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिले. ते आम्हांला तोंडपाठ असते. परंतु या विशेषणातला विनय कोणताही अनुच्छेद देऊ शकत नाही. अर्ज घेऊन दाराशी ताटकळणाऱ्या माणसाला ‘या, बसा’ म्हणण्यात तो असतो. कायदा मोडणाऱ्यांनी जो अर्थ प्राणपणाने राखला, तो कायदा राबविणाऱ्या आम्ही गमावला, तर आमच्या पदनामात उरेल काय?