युकुलेलेची तार आणि कोळ्याचा तंगूस

चौल आणि कोरलई १७४० साली पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आले. कोरलईत पोर्तुगीज-मराठी संकरातून घडलेली क्रिस्ती बोली मात्र आजही ऐकू येते. पोर्तुगिजांच्याच मदेरा बेटावरचे ‘माशेत’ हे चिमुकले तंतुवाद्य १८७९ साली उसाच्या मळ्यांवर निघालेल्या मजुरांबरोबर होनोलुलूला पोहोचले. तिथे त्याचे युकुलेले झाले.

त्याच्या चारही तारा तेव्हा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. तात हवेतला ओलावा शोषते, सूर ढळतो, अखेर ती तुटते. पोलादी तार टिकते. पण तिचा ताण या हलक्या पेटीला सहसा पेलवत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तातीची जागा नायलॉनने घेतली.

१९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने मासेमारीसाठी फ्लुओरोकार्बनचा धागा आणला आणि पुढे तोच पदार्थ युकुलेलेवर चढला. रेवदंड्याचा कोळी गळाला बांधतो त्या तंगुसाचेच हे भावंड! नायलॉनच्या सुमारे दीडपट घन असल्याने त्याच सुराला तो बारीक पुरतो, नाद खणखणीत देतो आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. नायलॉनचा स्वर अधिक मऊ, हे खरे. पण किनाऱ्यावरच्या आषाढात पारडे फ्लुओरोकार्बनकडेच झुकते.