खायला आता आपला नंबर

लाच घेण्याला आपण मराठीत सरळ 'पैसे खाणं' म्हणतो. केनियातल्या स्वाहिली भाषेतही तेच. 'कुला' म्हणजे जेवणं, आणि सत्तेत बसून ओरपणं म्हणजेसुद्धा 'कुला'. सरकार बदललं की तिथे म्हणतात, आता खायला आपला नंबर. इतकी वर्षं त्यांच्या जमातीने खाल्लं, आता आपल्या. हे ऐकून कुणाला आपल्या गावची आठवण झाली असेल तर माझा नाइलाज आहे.

आज जॉन गिथोंगो या माणसाबद्दल लिहितोय. मूळचा पत्रकार, म्हणून जरा जास्तच आपुलकी.

आधी थोडं मागे जाऊ. पीटर आयगन नावाचे जर्मन वकील जागतिक बँकेचे पूर्व आफ्रिकेतले अधिकारी म्हणून नैरोबीत होते. बँकेचा पैसा कुठे मुरतो ते त्यांना दिसत होतं. पण बोलायला गेले की वरून उत्तर यायचं, हा राजकीय विषय आहे, आपल्या कामात बसत नाही. शेवटी त्यांनी बँक सोडली आणि 1993 मध्ये बर्लिनला 'ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल' सुरू केली. देशोदेशीच्या भ्रष्टाचाराचा निर्देशांक दरवर्षी पेपरात येतो ना, तो याच संस्थेचा. (त्या काळी जर्मन कंपन्यांना परदेशात दिलेली लाच खर्च म्हणून दाखवून आयकरात सूट मिळायची. 1999 पर्यंत! खाणारे आफ्रिकेतले, वाढणारे युरोपातले.) संस्थापकांमध्ये केनियाचे एक हिशेबतपासनीस होते, जो गिथोंगो. जॉन त्यांचा मुलगा. 1999 पासून केनियातली शाखा जॉननेच चालवली.

डिसेंबर 2002 मध्ये केनियात सत्तापालट झाला. 24 वर्षं राज्य केलेले मोई गेले, म्वाई किबाकी आले. लोक इतके हरखले होते की रस्त्यात चिरीमिरी मागणाऱ्या पोलिसाला प्रवासीच धरायला लागले. नव्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी 2003 मध्ये गिथोंगोंना बोलावून सचिवाचा दर्जा दिला. काम एकच, भ्रष्टाचार निपटून काढायचा. किबाकी वडिलांचे मित्र, जमात एकच, किकुयू. थोडक्यात, घरचंच सरकार.

वर्षभरातच पासपोर्टची फाइल समोर आली. नव्या पासपोर्ट यंत्रणेसाठी एका फ्रेंच कंपनीचा दर होता 60 लाख युरो. काम मात्र दिलं गेलं 'अँग्लो लीजिंग' नावाच्या कंपनीला, 3 कोटी युरोंना. ती पुढे त्याच फ्रेंच कंपनीकडून काम करून घेणार होती! या अँग्लो लीजिंगचा पत्ता इंग्लंडात लिव्हरपूलचा, पण मालक कोण ते कुणालाच सांगता येईना. चौकशी सुरू झाल्यावर काही पैसे गुपचूप परत आले. कुणी पाठवले, कळलं नाही. आता ज्याने चोरी केलीच नाही तो पैसे परत कशाला करेल?

खणत गेल्यावर असे 18 करार निघाले. त्यातले काही मोईंच्या काळातले होते. म्हणजे जुन्यांनी मांडलेल्या पंगतीत नवे येऊन बसले. 2004 मध्ये ब्रिटिश राजदूत एडवर्ड क्ले जाहीर भाषणात बोलले की हे लोक इतकं खातात की मदत देणाऱ्यांच्या बुटांवर ओकतात. राजदूताच्या तोंडी ही भाषा!

गिथोंगो डायरी लिहीत होते आणि मंत्र्यांशी झालेलं बोलणं गुपचूप टेप करत होते. त्यांचं म्हणणं असं की न्यायमंत्री किराइतु मुरुंगी यांनी वडिलांच्या एका जुन्या कर्जाचा विषय काढून त्यांना सबुरीने घ्यायला सुचवलं. मुरुंगींनी आरोप नाकारले. फेब्रुवारी 2005 मध्ये गिथोंगो लंडनला गेले आणि तिथूनच राजीनामा धाडला. जिवाची भीती होती. पुढच्या वर्षी पुरावे जाहीर झाल्यावर अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला, मुरुंगीही बाजूला झाले. आणि वर्ष सरायच्या आत मुरुंगी मंत्रिमंडळात परत!

गिथोंगोंवर शिक्का बसला तो जमातद्रोह्याचा. मोईंच्या माणसांवर लिहीत होता तोवर तो हिरो. आपल्यांच्या ताटाला हात घातल्यावर घरभेदी. हे मला चांगलं समजतं. आमच्याकडे एका गटाची बातमी छापली की दुसरा गट चहा पाजतो. सत्ता बदलून त्याच टेंडरची बातमी परत केली की तेच चहावाले विचारतात, 'भाऊ, तुम्ही आपले ना?' मी दोनदा बातमी खिशात ठेवलेली आहे, खोटं कशाला सांगू.

गिथोंगो 2008 मध्ये मायदेशी परतले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पत्रकार मिशेला राँग यांचं त्यांच्यावरचं पुस्तक आलं. नावातच 'खायला आता आपला नंबर'. नैरोबीचे दुकानदार ते मांडायला घाबरले, मग चर्चमधून आणि संस्थांमधून प्रती फिरल्या. 2019 मध्ये कोर्टाने निकाल दिला तो गिथोंगोंच्याच विरोधात. अहवालात नाव आलेल्या एका माजी मंत्र्याची बदनामी केली म्हणून 2 कोटी 70 लाख शिलिंग भरा.

आणखी एक राहिलं. 2006 मध्ये विरोधी पक्षनेते लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. गिथोंगोंची साक्ष घ्यायला ते समिती घेऊन थेट लंडनला गेले होते. त्यांचं नाव उहुरू केन्याटा. 2013 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. परदेशी बाजारात कर्जरोखे विकायचे तर जुने दावे मिटवणं भाग होतं, आणि अँग्लो लीजिंग प्रकरणातल्या दोन कंपन्या परदेशी कोर्टात खटले जिंकल्या होत्या. मे 2014 मध्ये केन्याटांनी आदेश काढला आणि सरकारी तिजोरीतून त्या कंपन्यांना सुमारे 140 कोटी शिलिंग दिले गेले.