खाडीकाठचा तिवर आणि क्षारतेची स्मृती

मुंबईतील घाटकोपर, भांडुप, मुलुंड यांच्या पूर्वेला ठाणे खाडीच्या चिखलात तिवर हा खारफुटीचा वृक्ष वाढतो. 2022मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलेल्या या खाडीची क्षारता पावसाळ्यात गोड्या पाण्याने उतरते, उन्हाळ्यात बाष्पीभवनाने चढते. पानांतील क्षारग्रंथी आणि मीठ अडवणारी मुळे ही तिवराची आनुवंशिक साधने. त्यांमागची जनुके कधी आणि किती जोमाने काम करतील, हे नियमनावर ठरते. त्या नियमनाचा एक थर अधिजनुकीय आहे: डीएनएचा क्रम तोच राहतो, त्याचे वाचन बदलते.

यंत्रणा : वनस्पतींत हे तीन मार्गांनी घडते. डीएनएतील सायटोसिनला मिथाइल गट जोडला जातो. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा उमटतात. आणि लहान आरएनए रेणू मिथाइल गट नेमके कुठे बसवायचे ते दाखवतात.

पुरावा : मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसच्या कोवळ्या रोपांना थोडा काळ मिठाचा ताण दिला, तर पुढे पुन्हा मीठ भेटल्यावर ती कमी सोडियम शोषतात, असे 2013मध्ये दिसले. त्यांच्या हिस्टोनांवरील, जनुके दडपणारी एक खूण ठिकठिकाणी आखडली होती. अरॅबिडॉप्सिसवरच्याच 2016च्या अभ्यासात ताणाची अशी स्मृती प्रामुख्याने मातेकडून संततीत उतरली. ब्राझीलमध्ये 2010मध्ये खाऱ्या दलदलीतील खुरट्या आणि नदीकाठच्या उंच खारफुटीची तुलना झाली. एकाच जातीच्या या झाडांत जनुकीय फरक थोडा होता, मिथिलीकरणातील फरक मोठा.

मर्यादा : ब्राझीलमधला फरक परिसराशी जुळतो, खुरटेपणा त्यामुळेच आला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये संततीत उतरलेली स्मृतीही कायमची नसते. पुढच्या पिढीला ताण मिळाला नाही, तर ती पुसली जाते.

निष्कर्ष : तिवराचे बी झाडावरच, फळाच्या आत रुजते. म्हणजे अंकुराची पहिली वाढ मातृवृक्षाच्या अंगावर, त्याच्याकडून मिळणाऱ्या पाण्यावर होते. मातृवृक्षाने सोसलेल्या क्षारतेची स्मृती तिवरातही अंकुरात उतरत असेल, तर रोप कोणत्या काठाचे आहे हेही महत्त्वाचे ठरते. तोडलेल्या खारफुटीची भरपाई केवळ रोपांच्या संख्येत मोजणे म्हणूनच अपुरे आहे. रोपवाटिकांनी बियाणे कोणत्या काठावरचे आणि तिथली क्षारता किती, याची नोंद ठेवावी. खारे पाणी टप्प्याटप्प्याने दिलेली आणि गोड्या पाण्यावर वाढवलेली रोपे एकाच काठावर शेजारी लावून दोन उन्हाळे तपासावीत. जुने तिवरबन जपणे मात्र त्या निकालासाठी थांबू नये. उद्याचे बियाणे तिथूनच येणार आहे.