एका रस्त्याच्या दोन बाजू

माळव्यातील देवास शहरात एकेकाळी राजरस्त्याच्या मधून दोन राज्यांची सीमा जात असे. एका बाजूस थोरली पाती, दुसरीस धाकटी. तुकोजी व जिवाजी पवार ह्या बंधूंनी अठराव्या शतकात येथे सत्ता स्थापिली. १८४१ पासून दोन्ही शाखांनी कारभार वेगळा केला. परंतु मुलूख एकमेकांत इतका गुंतलेला होता, की राजधानीच्या एकाच रस्त्यावर पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्था दोन सरकारांची राहिली! इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर हा १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याने पुढे १९५३ साली ह्या दरबारावर ग्रंथच प्रसिद्ध केला.

हे ऐकून हसू येते खरे. पण येथे राजांच्या स्वभावापेक्षा राज्याच्या रचनेचा दोष अधिक होता. दिवा विझला तर जाब कोणाला विचारावा, हे आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहो ह्यावर ठरे. शेजारच्या धारला त्याच पवार वंशाची गादी एकच होती, म्हणून तेथे हा घोळ नव्हता. तरीही १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ते संस्थान जप्त केले आणि १८६० साली परत दिले. सत्ता एकाची असो वा दोघांची, तिचा अखेरचा धनी तिसराच होता.

१९४८ च्या मे महिन्यात धार व दोन्ही देवास मध्यभारत संघात विलीन झाली. १९५० च्या संविधानानेही सत्ता वाटलीच. मात्र ती घरांच्या रांगांप्रमाणे नव्हे, विषयांप्रमाणे. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही उभयतांचे, आणि त्यांच्यातील तंट्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाकडे. लोकशाही कारभाराची सवय नसलेल्या अशा संस्थानी राज्यांवर दहा वर्षे राष्ट्रपतींचे सर्वसाधारण नियंत्रण राहावे, अशी तरतूदही होती. हा टेकू अपमानास्पद वाटण्याजोगा होता, पण शहाणपणाचा होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो टेकूही गेला आणि राजप्रमुखपदही गेले.

सायप्रसने १९६० साली स्वातंत्र्य मिळविताना उलट वाट धरली. ग्रीक अध्यक्ष, तुर्क उपाध्यक्ष, महत्त्वाच्या बाबींत दोघांनाही नकाराधिकार, आणि पाच मोठ्या शहरांत दोन जमातींच्या वेगळ्या नगरपालिका. ह्या नगरपालिकांचा वाद काही केल्या मिटेना. १९६३ च्या डिसेंबरात दंगली उसळल्या, आणि राजधानी निकोसियाच्या मधोमध सीमारेषा आखली गेली.