आधी घटना, मग घटना

मराठी भाषेने 'घटना' या एका शब्दात फार मोठे शहाणपण कोंबून ठेवले आहे. काहीतरी घडते तीही घटना आणि संस्थेचे नियम ज्यात लिहितात तीही घटना. यातली आधी कोणती आणि नंतर कोणती, असे कोणी मला पूर्वी विचारले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. आज विचाराल तर शपथेवर सांगेन : आधी घटना घडते आणि मग घटना लिहितात.

आमचा क्लब हौशी रेडिओवाल्यांचा. जग आम्हाला 'हॅम' म्हणते, घरची माणसे काय म्हणतात ते इथे लिहिण्याजोगे नाही. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, गच्चीवर तारा ताणायच्या आणि रात्री अकरानंतर कानाला हेडफोन लावून ब्राझीलमधल्या एखाद्या गृहस्थाला सांगायचे, की तुमचा आवाज छान येतो आहे. त्याने उलट 'तुमचाही छान येतो आहे' असे कळवले, की जन्माचे सार्थक. आता दूध उतू जाते आहे म्हणून स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी ऐकू येत नाही. पण ती वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर असते.

असे आम्ही आठ जण. वीस वर्षे क्लब चालवला, पण नियम म्हणून एक ओळ लिहिली नव्हती. पदाधिकारी मात्र होते. ज्यांची गच्ची सर्वांत उंच ते अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले ते खजिनदार. माझे अक्षर बरे, म्हणून मी कार्यवाह. कोणी कधी नियमांचा विषय काढलाच तर अध्यक्ष म्हणायचे, "अहो, आपण काय साखर कारखाना काढलाय?" मग आतून वहिनींचे पोहे यायचे आणि विषय पोह्यांबरोबर संपायचा.

आणि एके दिवशी अध्यक्ष गेले. हॅम गेला असे आमच्यात म्हणत नाहीत. त्याची 'की' शांत झाली, असे म्हणतात. मोर्सच्या खटक्याला आम्ही 'की' म्हणतो.

महिन्याभराने त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला. घर आवरायचे होते. त्याने आम्हा सातजणांना त्या रेडिओच्या खोलीत नेले आणि अगदी नम्रपणे विचारले, "काका, यातलं बाबांचं कुठलं आणि क्लबचं कुठलं, तेवढं सांगाल का?"

कोणालाही सांगता येईना! टेबलावर दोन ट्रान्सीव्हर होते. एकासाठी आम्ही वर्गणी काढली होती एवढे सर्वांना आठवत होते, पण कोणत्या, यावर दोन पक्ष पडले. कोणी म्हणाला, पॉवर सप्लायचे अर्धे पैसे माझे. दुसरा म्हणाला, अर्धे नव्हे, पाव. आवाज चढले. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, त्याच्याखाली आम्ही सात पिकलेली माणसे तारांच्या भेंडोळ्यावरून भांडत होतो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या, क्षणभर थांबल्या, ट्रे ठेवून आत गेल्या. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

जिना उतरताना खजिनदार म्हणाले, "आता घटना लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

घटना लिहायची म्हणजे नमुना हवा. म्हणून मी आमच्या धंद्याचा इतिहास काढून बसलो आणि पाहतो तो काय, हौशी रेडिओतली पहिली पदे पोरांनी वाटून घेतलेली! २ जानेवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या अन्सोनिया हॉटेलात 'ज्युनिअर वायरलेस क्लब' स्थापन झाला. अध्यक्ष स्टोक्स नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. हॉटेल त्याच्या वडिलांचे. म्हणजे ज्याची गच्ची उंच तो अध्यक्ष, ही प्रथा आमच्याकडून सुरू झाली नाही, हे वाचून मला जरा बरे वाटले. सल्लागार म्हणून पोरांनी कोणाला धरावे? रेजिनाल्ड फेसेंडेन यांना! मोर्सच्या टकटकीऐवजी माणसाचा आवाज बिनतारी पाठवणाऱ्या पहिल्या मंडळींतले ते एक.

हा पोरखेळ वाटेल, पण पुढच्याच वर्षी, १९१० साली, हौशी लोकांच्या मुळावर येणारे एक विधेयक अमेरिकेच्या सिनेटपुढे आले. तेव्हा हा बाळअध्यक्ष वॉशिंग्टनला जाऊन समितीसमोर बोलला. ते विधेयक पुढे बारगळले. आता विचार करा, एकटा एक मुलगा गेला असता तर दारावरच्या शिपायाने त्याला गोळी-बिस्किट देऊन परत पाठवला असता. पण तो क्लबाचा अध्यक्ष म्हणून गेला. पद म्हणजे मिरवायची शाल नव्हे. ज्यांना एकेकटे कोणी ऐकणार नाही, त्यांनी मिळून एकाच्या तोंडी दिलेला तो आवाज असतो. त्या क्लबाने १९११ मध्ये 'रेडिओ क्लब ऑफ अमेरिका' असे नाव घेतले आणि तो आजही चालू आहे. आमच्या अध्यक्षांच्या गच्चीपेक्षा त्याचा पाया पक्का निघाला.

पुढे १९१२ साली कायदा आलाच. त्याने हौशी मंडळींना परवाना सक्तीचा केला, ताकद एका किलोवॅटच्या आत आणली आणि त्यांना दोनशे मीटरच्या लहरींवर ढकलले. त्या काळी दोनशे मीटर म्हणजे गावाबाहेरची पडीक जमीन. तिथून आवाज लांब जात नाही, असा तज्ज्ञांचा समज होता. आपल्याकडे नकोशा माणसाची अडगळीच्या खात्यात बदली करतात, त्यातलाच प्रकार.

याच अडचणीतून सर्वांत मोठी संस्था जन्मली. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी हायरम पर्सी मॅक्सिम नावाचे गृहस्थ राहत. यांच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली आणि यांनी बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर. बापाने केलेला गोंगाट लेकाने निस्तरला. १९१४ साली मॅक्सिमना स्प्रिंगफील्डला एक निरोप पाठवायचा होता. अंतर जेमतेम चाळीसएक किलोमीटर. पण यंत्र असे चांगले दांडगे असून निरोप काही पोचेना. शेवटी वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हौशी मित्राने तो ऐकून पुढे ढकलला. मॅक्सिमच्या डोक्यात प्रकाश पडला, की असे गावोगाव मित्र असतील तर निरोप देशभर जाईल! हार्टफर्डच्या रेडिओ क्लबापुढे त्यांनी ही कल्पना मांडली आणि अठरा वर्षांच्या क्लॅरेन्स टस्काला हाताशी धरून 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' उभी केली. अध्यक्षांचे वय चव्वेचाळीस आणि कार्यवाहाचे अठरा! आमच्या क्लबात तरुण सदस्य म्हणजे ज्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे तो.

आणि इथे मी सरसावून बसलो, कारण त्यांच्याकडेही आमचाच प्रश्न उभा राहिलेला दिसला : कुणाचे काय? सारी अमेरिका जिच्यात येऊ पाहते, ती संस्था एका गावच्या क्लबाची पोटशाखा म्हणून किती दिवस नांदणार? १९१५ मध्ये लीग वेगळी होऊन स्वतंत्र नोंदली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॅक्सिम आणि टस्का यांनी पदरमोड करून 'क्यूएसटी' मासिक काढले. ते वाचले जाई लीगचे म्हणून, पण मालकी टस्काची. पुढे १९१९ साली लीगने ते रीतसर विकत घेतले, तेही सभासदांकडूनच कर्ज काढून. एकमेकांवर एवढे प्रेम करणारी माणसे, पण खरेदीखत केलेच! मला आमचे दोन ट्रान्सीव्हर दिसू लागले.

पण या सगळ्यात मला मोहून टाकले ते एका म्हाताऱ्याने. १९१७ पासून 'क्यूएसटी'त 'दि ओल्ड मॅन' या टोपणनावाने लेख येऊ लागले. लहरींवर गोंधळ घालणारे, दुसऱ्याच्या बोलण्यात आपली टकटक घुसवणारे, अशा सर्वांची हा म्हातारा खरपूस हजेरी घेई. गुन्हेगारांना शासन करण्यासाठी 'वूफ हाँग' नावाचे एक भीषण हत्यार असते, असेही त्याने जाहीर केले. ते वापरायचे कसे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते! १९१९ साली त्याने लाकूड आणि तारेचे एक वेडेवाकडे प्रकरण 'हेच ते वूफ हाँग' म्हणून लीगच्या कचेरीत पाठवून दिले आणि लीगने ते मानाने भिंतीवर टांगले. हा म्हातारा कोण, यावर वाचकांनी वर्षानुवर्षे डोकी खाजवली. १९३६ साली मॅक्सिम वारले, तेव्हा फोड झाली. म्हातारा म्हणजे खुद्द अध्यक्षच! अध्यक्ष म्हणून रागावले असते तर राजीनामे आले असते. म्हातारा म्हणून रागावले, तेव्हा लोक हसले आणि सुधारले. अध्यक्षाच्या कर्तव्यांत हे कलम घालावे की काय, असा मोह मला झाला. पण आमच्या क्लबात म्हातारा म्हटला तर सात जणांवर संशय जाईल.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सरकारने सर्व हौशी केंद्रे बंद करायला लावली. तारा उतरल्या, टेबलांवर धूळ बसली. ऑक्टोबर १९१९ पर्यंत एकाही हौशी माणसाला प्रक्षेपणाचे बटण दाबता आले नाही. लहरींवर जमलेली संस्था, लहरीच बंद पडल्यावर उरते काय? उरली, कारण तिला नाव होते, पदाधिकारी होते, सभासदांची यादी होती. तिजोरीत जवळजवळ खडखडाट होता, पण तिजोरी कोणाची याविषयी वाद नव्हता. हवेतले सगळे थांबले तेव्हा कागदावरचे तेवढे टिकले, आणि त्याच्या आधारावर हवेतले पुन्हा सुरू झाले.

आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. १९२४ साली मद्रासेत 'मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब' निघाला. आकाशवाणी जन्मायच्या कितीतरी आधी या हौशी मंडळींनी गाणी आणि व्याख्याने प्रक्षेपित केली. पैसे पुरेनात, म्हणून १९२७ मध्ये क्लब बंद पडला. पण जाता जाता त्यांनी आपला ट्रान्समीटर मद्रास महापालिकेच्या हवाली केला आणि १९३० पासून महापालिकेने प्रक्षेपण सुरू केले. क्लब गेला, पण ट्रान्समीटर पोरका झाला नाही. हे वाचून मी चष्मा काढून पुसला. आमच्या क्लबाची तर आठापैकी सात माणसे धडधाकट होती, आणि तरी आमचा ट्रान्सीव्हर पोरका होता.

मग मात्र लिहायला बसलो. अमेरिकेच्या नियमांत क्लबाच्या केंद्राला परवाना हवा असेल तर किमान चार माणसे, एक नाव, संघटनेचा लेखी दस्तऐवज, व्यवस्थापन आणि हौशी रेडिओ हाच मुख्य उद्देश, एवढे लागते. परवाना क्लबाने नेमलेल्या एका विश्वस्ताच्या नावे राहतो. आपण ज्यांना 'चार लोक काय म्हणतील' म्हणून भितो, ते चार लोक अमेरिकेच्या कायद्यात बसलेले पाहून मला गंमत वाटली. आपल्याकडे संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा सात माणसे मागतो. आम्ही मोजून सात उरलो होतो.

पदांची कर्तव्ये लिहिताना कळले, की प्रत्येक पद एकेका भांडणावर घातलेले झाकण आहे. कोण बोलणार यावरचे भांडण अध्यक्षाने मिटवायचे, काय ठरले होते यावरचे कार्यवाहाने, पैसे गेले कुठे यावरचे खजिनदाराने. म्हणून इतिवृत्त लिहायचे आणि चेकवर दोन सह्या घ्यायच्या. उपाध्यक्षाचे काम कोणालाच सुचत नव्हते. मग लक्षात आले, की अध्यक्षांच्या माघारी कोण, याचे उत्तर म्हणजेच उपाध्यक्ष. आम्ही तो कधी नेमलाच नव्हता.

गणपूर्तीच्या कलमावर तासभर चर्चा झाली आणि ती गणपूर्तीअभावी पुढे ढकलावी लागली, कारण दोघे झोपले होते. शेवटी परंपरेला अनुसरून लिहिले, की गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होईल व नंतर त्याच जागी, उपस्थित असतील तेवढ्यांत, भरेल. अंतकाळचे कलम मात्र मी कोणाला न विचारता लिहिले : क्लब विसर्जित झाल्यास सर्व सामान समान उद्देशाच्या संस्थेला द्यावे. कोणी हरकत घेतली नाही. सगळे थोडा वेळ गप्प बसले.

मसुदा घेऊन आम्ही सातही जण वहिनींकडे गेलो. सांगितले, की त्या खोलीतले ज्याचे ठरत नाही ते सगळे अध्यक्षांचे, आमचा हक्क नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग मी ते क्लबला देते. पण लिहून घ्या हो, मागच्यासारखं नको." आमच्या मालमत्ता नोंदवहीतली पहिली ओळ त्यांच्या अक्षरात आहे, आणि ते माझ्या अक्षरापेक्षा चांगले आहे.

मग त्यांनी मसुदा शेवटपर्यंत वाचला. "सगळं आलंय. एकच राहिलं. चहा आल्यावर भांडू नये, हे घाला."

आम्ही घातले. वकिलांनी त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते, पण ठराव एकमताने आणि पूर्ण गणपूर्तीसह मंजूर झाला. त्या घटनेला आता बरीच वर्षे झाली. दुसरी घटना अजून घडलेली नाही.